बाळाला आरएसव्ही झाला, पण औषध का नाही?

दरवर्षी पावसाळा सरत आला की आमची ओपीडी धाप लागलेल्या तान्ह्या बाळांनी भरते आणि या सदराकडे येणारं टपालही वाढतं. यंदा आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आहेत. त्यातली तीन इथे घेतली आहेत. नावं छापत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. आधी नाक गळायला लागलं, तिसऱ्या दिवशी छातीत घरघर, चौथ्या दिवशी पोट उडायला लागलं आणि त्याने दूध तोडलं. पाच दिवस ॲडमिट ठेवलं. तपासणीत आरएसव्ही निघाला. पण उपचार काय, तर ऑक्सिजन, नाकातला शेंबूड मशीनने ओढणं आणि नळीने दूध. अँटिबायोटिक दिलं नाही, नेब्युलायझरही एकदा लावून बंद केला. बिल मात्र भरावं लागलं. नातेवाईक म्हणतात, डॉक्टरांना काही कळलंच नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. इतक्या जुन्या विषाणूवर औषध नाही, हे मला पटत नाही. (एक वडील, संगमनेर)

उत्तर : सर, तुमच्या बाळावर झालेले उपचार योग्य होते. काय द्यायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच काय द्यायचं नाही हेही महत्त्वाचं असतं, आणि ते तिथल्या डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. नातेवाइकांना हे सांगाच.

आरएसव्ही मोठ्या माणसाच्या नाकात शिरला तर चार दिवस सर्दी होते. तोच विषाणू दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिकांच्या शेवटच्या फांद्यांपर्यंत उतरतो. त्या फांद्या मिलिमीटरहूनही बारीक. आतल्या अस्तराच्या पेशी मरून गळतात, त्यात चिकट स्राव मिसळतो, भिंती सुजतात आणि नळी बुजते. हवा कशीबशी आत जाते, पण बाहेर पडत नाही. छाती फुगते, फुप्फुसं खाली दाबतात म्हणून पोट फुगल्यासारखं दिसतं, आणि बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडतो. आपण ज्याला पोट उडणं म्हणतो ते हेच.

अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. नेब्युलायझरमधलं दम्याचं औषध नळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं, पण इथे नळी आवळलेली नाही, आतून बुजलेली आहे. स्टेरॉइडचाही या वयात, या आजारात उपयोग होत नाही, हे मोठ्या चाचण्यांतून दिसून आलं आहे. राहतं काय? ऑक्सिजन, नाक मोकळं ठेवणं आणि पोटात दूध जात राहणं. एवढ्या लहान बाळाला तोंडाने श्वास घ्यायची सवय नसते, त्यामुळे नाक चोंदलं की त्याचा श्वासही अडतो आणि दूधही. मिनिटाला साठ-सत्तर श्वास घेणाऱ्या बाळाच्या तोंडात दूध घालणं धोक्याचं, म्हणून नळी. हे सगळं दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, कुणीतरी करत होतं. तोच उपचार होता.

आता औषधाचं. एक औषध आहे, रिबाव्हिरिन. त्याचा फवारा अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्याला आरएसव्हीसाठी मंजूर झाला. खास यंत्रातून त्याचे सूक्ष्म तुषार बाळाच्या डोक्यावरच्या हूडमध्ये सोडायचे, दिवसाला बारा ते अठरा तास, तीन ते सात दिवस. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला दिलं तर औषधाचे कण नळ्यांमध्ये साचायचे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भाला इजा झालेली दिसली होती, म्हणून गरोदर परिचारिकांना त्या खोलीत जाता येत नसे. एवढा खटाटोप करून फायदा किती, याची उत्तरं डळमळीत आली. व्हेंटिलेटरवरच्या बाळांच्या ज्या चाचणीचा बराच बोलबाला झाला, तिच्यात तुलनेच्या गटाला नुसत्या पाण्याचे तुषार दिले होते, आणि पाण्याचे तुषारच श्वासनलिका आवळू शकतात. मग औषधाचा गट बरा दिसला तो औषधामुळे की पाण्यामुळे? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९३ साली हे औषध 'वापरावं' असं म्हटलं होतं, १९९६ साली 'वापराचा विचार करता येईल' इथवर ती मागे आली. आमच्या पाठ्यपुस्तकात रिबाव्हिरिनवर परिच्छेद होता, वॉर्डात ते मी कधी पाहिलं नाही.

पण खरी अडचण यंत्राची नाही, वेळेची आहे. विषाणू अंगात शिरल्यावर साधारण चार-सहा दिवसांनी नाक गळू लागतं. पुढचे दोन-तीन दिवस ती घरातल्या कुठल्याही सर्दीसारखीच असते. धाप लागून बाळ आमच्यापर्यंत येतं तोवर विषाणूची वाढ शिखरावर पोहोचलेली असते किंवा उतरू लागलेली असते. त्यापुढचा त्रास सुजेचा आणि साचलेल्या गाळाचा. विषाणूची वाढ रोखणारं औषध त्या वेळी दिलं तर रोखायला फारसं उरलेलं नसतं. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिरसुद्धा लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तरच नीट काम करतं. तुमच्या बाळाला औषध द्यायला हवं होतं ते दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी कुणीही त्याला सर्दीच म्हटलं असतं.

पुढे वर्ष-दोन वर्षं सर्दी झाली की त्याच्या छातीत घरघर होऊ शकते. घाबरू नका, पण लक्ष ठेवा. बाळ शांत असताना श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेले, नेहमीच्या निम्मंच दूध प्यायलं, लंगोट सहा-आठ तास कोरडा राहिला किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका.

प्रश्न : मी एम. फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. कोविडवरची गोळी दोन वर्षांत बाजारात आली. आरएसव्ही तर कित्येक दशकांपासून माहीत आहे. मग त्यावर औषध काढायचे प्रयत्नच झाले नाहीत का? मला लहान मुलांच्या विषाणूजन्य आजारांवरच्या औषधांत संशोधन करायचं आहे. या क्षेत्रात कुणी फारसं नाही, असं सगळे सांगतात. (विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. या क्षेत्रात माणसं हवी आहेत, आणि प्रयत्न झाले नाहीत असं तर मुळीच नाही.

हा विषाणू १९५६ साली अमेरिकेत वॉल्टर रीड संस्थेतल्या चिंपांझींना सर्दी झाली तेव्हा सापडला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना तो बाल्टिमोरमधल्या आजारी बाळांत मिळाला. दहा वर्षांत लस तयार झाली. फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू, पोलिओच्या साल्क लशीच्या धर्तीवर. १९६६ च्या सुमारास ती बाळांना टोचली आणि पुढच्या हंगामात जे झालं त्याने या विषयातली माणसं आजही हादरतात. लस घेतलेल्या ज्या बाळांना नंतर आरएसव्ही झाला त्यांतल्या सुमारे ८० टक्के बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. ही लस न मिळालेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली. लशीने आजार रोखला तर नाहीच, उलट चिघळवला.

याचं कारण कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली. विषाणूच्या अंगावर 'एफ' नावाचं प्रथिन असतं. पेशीत शिरण्यापूर्वी ते ताणून धरलेल्या स्प्रिंगसारखं असतं, पेशीला भिडलं की ती स्प्रिंग सुटते आणि त्याचं रूप पार बदलतं. फॉर्मॅलिनच्या लशीत बहुतेक सुटलेलं रूपच होतं. त्याविरुद्ध शरीराने भरपूर अँटिबॉडी बनवल्या, पण त्या विषाणूला अडवणाऱ्या नव्हत्या. सुटण्यापूर्वीच्या एफची नेमकी रचना जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहॅम आणि पीटर क्वाँग यांच्या गटाने २०१३ साली उलगडली. आज वापरात असलेल्या लशी आणि नवी प्रतिबंधक इंजेक्शनं त्याच रचनेवर उभी आहेत.

आता तुझ्या कोविडच्या मुद्द्याकडे येते. पॅक्सलोविड या कोविडच्या गोळीतलं निर्माट्रेल्विर दोन वर्षांत आलं असं आपण म्हणतो, पण त्याच्या रसायनाची मुळं २००३ च्या सार्सपर्यंत जातात. शिवाय ते कोरोनाविषाणूच्या प्रोटिएझ या प्रथिनं कापणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांच्यावरही प्रोटिएझ अडवणारी औषधं आहेत. आरएसव्हीचे जनुक दहा, प्रथिनं अकरा, आणि त्यांत प्रोटिएझ एकही नाही. म्हणजे रसायनशास्त्रज्ञांच्या हातातली ही हुकमी वाट इथे बंदच आहे. उरतात मुख्यतः तीन जागा : एफ प्रथिन, आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय साखळीची, नक्कल करणारं पॉलिमरेझ, आणि आरएनएला लपेटून असणारं 'एन' प्रथिन.

तिन्ही जागांवर रेणू तयार झाले. प्रेसाटोव्हिर हा एफ अडवणारा रेणू. निरोगी प्रौढ स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडून त्याची परीक्षा घेतली आणि २०१४ साली छापून आलेले निकाल सुरेख होते, विषाणू घटला, सर्दीही कमी झाली. तोच रेणू रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांना दिला तेव्हा फरक दिसला नाही. वर संगमनेरच्या सरांना लिहिलेलं वेळेचं गणित इथेही आडवं आलं. स्वयंसेवकाला विषाणू कधी दिला हे तासावर माहीत असतं, रुग्णाच्या बाबतीत ते कुणालाच माहीत नसतं. लुमिसिटाबीन हे पॉलिमरेझवरचं औषध बाळांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचून थांबलं. रिलेमाटोव्हिर, सिसुनाटोव्हिर यांवरचं काम कंपन्यांनी मध्येच सोडलं.

तरी २०२४ साली एक चांगली बातमी आली. झिरेसोव्हिर या एफ अडवणाऱ्या औषधाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी चीनमध्ये झाली, रुग्णालयात दाखल झालेल्या १ ते २४ महिन्यांच्या बाळांवर. श्वसनाच्या त्रासाचा गुणांक तिसऱ्या दिवशी औषधाच्या गटात ३.४ नी उतरला, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेला नकली डोस दिलेल्या, गटात २.७ नी. फरक छोटा आहे, हे उघड आहे. औषधाला दाद न देणारे काही विषाणूही दिसले. पण तोंडाने घ्यायच्या औषधाने या वयाच्या बाळांत एवढ्या मोठ्या चाचणीत फरक पाडला, हे मला फार मोलाचं वाटतं. एन प्रथिनावरचं झेलिकापाव्हिर बाळांवरच्या दुसऱ्या टप्प्यातून गेलं आहे, आणि तिथेही लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध मिळालेल्या मुलांत विषाणूची घट जास्त दिसली. पुन्हा तेच, वेळ.

फार्मसीची विद्यार्थिनी म्हणून तुझं काम कुठे सुरू होतं ते सांगते. बाळाला मोठ्यांच्या गोळीचा तुकडा देऊन चालत नाही. १९५९ साली क्लोरॅम्फेनिकॉलने नवजात बाळं राखाडी पडून दगावल्याचं समोर आलं, कारण त्यांचं यकृत ते औषध निकामी करण्याइतकं तयार झालेलं नव्हतं. औषध सुरक्षित असलं तरी ते ज्यात विरघळवलंय ते सुरक्षित असेलच असं नाही. एचआयव्हीवरच्या लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरच्या द्रावात ४२ टक्के अल्कोहोल आणि १५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल होतं. नवजात बाळांना ते बाधल्यावर अमेरिकेच्या एफडीएला २०११ साली इशारा द्यावा लागला. विषाणूरोधी रेणू बहुतेकदा पाण्यात न विरघळणारे आणि कडूजहर असतात. ते कडू औषध, आधीच नाक चोंदलेल्या, उलटी करणाऱ्या, दोन चमचे दूधही धड न पिणाऱ्या बाळाच्या पोटात थेंबांनी कसं घालायचं, हा प्रश्न मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही सोपा गेलेला नाही. पाण्यात टाकताच विरघळणारी छोटी गोळी किंवा चव झाकलेले कण, यांवर काम करणारी माणसं फार थोडी आहेत.

चाचणीचंही तसंच. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून अडीचशे मिलिलिटरच्या आसपास. औषधाची पातळी मोजायला मोठ्यांसारखं दर तासाला पाच-पाच मिलिलिटर रक्त काढता येत नाही, टाचेला टोचून काढलेल्या दोन थेंबांवर भागवावं लागतं. आधी प्रौढ, मग मोठी मुलं, मग बाळं अशी पायरी पायरीने चाचणी उतरते, त्यात वर्षं जातात. १९६६ ची आठवणही पाठ सोडत नाही. २०२४ सालीच मॉडर्नाच्या लशीची बाळांवरची चाचणी गंभीर आजार दिसल्यामुळे थांबवावी लागली. ही सावधगिरी हवीच. उशीर होतो म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. एका अंदाजानुसार २०१९ साली जगात पाच वर्षांखालची १,०१,४०० मुलं आरएसव्हीने गेली, आणि त्यांतली ९७ टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. आपल्याच मेळघाटात 'महान' संस्थेने दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या आरएसव्हीचा गावोगाव फिरून अभ्यास केला. घरीच दगावलेल्या बाळांचीही त्यांनी नोंद घेतली, नाकातले नमुने तपासले. नुसत्या रुग्णालयाच्या नोंदवह्यांत ही बाळं कधीच आली नसती. मोठ्या रुग्णालयात, पीसीआर तपासणी करून, पाचव्या दिवशी द्यायचं महागडं औषध या बाळांपर्यंत कसं पोहोचणार?

गावात औषध पोहोचवता येतं, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच कार्यकर्त्यांना श्वास मोजायला शिकवलं, त्यांच्या हाती न्यूमोनियाचं साधं औषध दिलं, आणि बालमृत्यू घटले. ते निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. म्हणजे सर्दीच्या दुसऱ्या दिवशी बाळाजवळ पोहोचू शकेल असं माणूस आपल्याकडे आहे. तिच्या पिशवीत मावणारी, फ्रिज न लागणारी, दहा मिनिटांत उत्तर देणारी स्वस्त तपासणी आणि उन्हाळ्यातही टिकणारी विरघळती गोळी अजून नाही. तुला विषय हवा असेल तर हा घे. रेणू शोधायला मोठी कंपनी लागते, पण सापडलेल्या रेणूला बाळाच्या तोंडात जाईल असं रूप द्यायचं काम कराडच्या प्रयोगशाळेतही सुरू करता येतं.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाले आहे. डिसेंबरची तारीख आहे. तिच्या डॉक्टरांनी ३३ व्या आठवड्यात आरएसव्हीची लस घ्या, नाहीतर बाळाला जन्मल्यावर इंजेक्शन देऊ, असं सांगितलं. माझी बहीण म्हणते, गरोदरपणात नवी लस नको. काय करावं? (एक आजी, पुणे)

उत्तर : आजी, दोन्ही मार्ग चांगले आहेत, पण दोन्हींपैकी एक नक्की घ्या.

लस आईला दिली की तिच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात. मोठ्या चाचणीत जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत गंभीर आरएसव्हीपासून सुमारे ८२ टक्के संरक्षण मिळालं, सहा महिन्यांपर्यंत सुमारे ६९ टक्के. बहिणीची शंका अगदीच निराधार नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच लशीची चाचणी मुदतपूर्व प्रसूती जास्त दिसल्यामुळे २०२२ साली थांबवली होती. म्हणूनच आता मंजूर असलेली लस अमेरिकेत ३२ ते ३६ आठवड्यांतच देतात, त्याआधी नाही. तुमच्या मुलीला सांगितलेला ३३ वा आठवडा त्यात नीट बसतो. मुलीची आधीची प्रसूती लवकर झाली असेल किंवा या वेळी तसा धोका सांगितला असेल, तर डॉक्टरांशी ते जरूर बोलावं. मग बाळाला इंजेक्शन देणं बरं.

ते इंजेक्शन म्हणजे निर्सेविमॅब. ही लस नव्हे, तयार अँटिबॉडी आहे, एफ प्रथिनाच्या न सुटलेल्या रूपाला चिकटणारी. १९९८ साली आलेलं पहिलं असं इंजेक्शन, पॅलिव्हिझुमॅब, हंगामभर दर महिन्याला द्यावं लागे आणि ते मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयविकार असलेल्या बाळांनाच मिळे. हे एकदाच द्यायचं, सुमारे पाच महिने टिकतं. लस घेतल्यावर चौदा दिवसांनी किंवा त्यानंतर बाळ जन्मलं, तर बहुतेकदा इंजेक्शनाची गरज पडत नाही. त्याआधीच प्रसूती झाली तर इंजेक्शन घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ साली या दोन्ही उपायांची शिफारस सगळ्या देशांसाठी केली आहे.

आणि तुमच्याबद्दल. घरात बाळापर्यंत हा विषाणू बहुधा मोठी माणसं आणि शाळेत जाणारी भावंडंच आणतात. विमानातून उतरल्यावर घसा खवखवत असेल, नाक वाहत असेल, तर पहिले काही दिवस मास्क लावा, साबणाने हात धुऊनच बाळाला घ्या आणि पापे घेणं पुढे ढकला. तेल लावणं, न्हाऊ घालणं तोवर मुलगी किंवा जावई करतील. तुम्ही स्वयंपाकघर सांभाळा, डिंकाचे लाडू करा.